लाल छातीचे पक्षी

लाल रंगाचा डबा तळाला गेला म्हणून गोष्ट उघडकीला आली. नाहीतर तो रंग गल्लीतल्या नऊ घरांच्या ओसऱ्यांवर तसाच झुलत राहिला असता.

त्या घरात दोन जावा राहत. गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची, आणि धाकटीचे गुडघे दुखायला लागले तरी ती धाकटीच राहिली होती. थोरलीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. धाकटीचा नवरा लाकडाच्या वखारीत होता, आणि तिथले उरलेले मऊ लाकडाचे ठोकळे सायकलला बांधून घरी आणायचा. त्या ठोकळ्यांतून धाकटी पक्षी कोरायची. पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिल फिरवली, करवतीनं कड कापली, की पुढचं चाकू आणि पटाशी जाणे. पाठ गोल करायची, पोट फुगवायचं, पंखांच्या जागी तीन-तीन खाचा मारायच्या. चोच सगळ्यात शेवटी, कारण ती मोडली की अख्खा पक्षी वाया. मग तो थोरलीकडे जायचा. आधी पांढरं अस्तर, मग पाठीला तपकिरी, छातीला लाल, आणि काडेपेटीच्या काडीनं टेकवलेला काळा डोळा.

"तू नुसतं अंग देतेस, जीव मी घालते," थोरली म्हणायची.

"हो, मी आपली खाटीक," धाकटी म्हणायची.

दिवस लहान झाले, झाडं बोडकी झाली, की गल्लीतल्या ओसऱ्या भकास दिसायच्या. थोरलीला ते बघवत नसे. पंधराएक वर्षांपूर्वी तिनं आपल्या ओसरीच्या खांबांना दोन पक्षी आणि लाकडी पानांची माळ बांधली. शेजारणीनं मागितली, मग समोरचीनं, आणि मग ते गल्लीचं वळणच पडलं. थंडी सुरू झाली की ओसरीला पक्षी लागायचे, उन्हं तापायला लागली की उतरवून ट्रंकेत जायचे. यंदा मात्र सगळे जुने पक्षी रंग उडून गुलाबी पडले होते, म्हणून दोघींनी मिळून सगळ्यांना नवे केले. बावीस पक्षी, नऊ घरं.

दुकानातल्या लाल रंगावर थोरलीचा मुळीच विश्वास नव्हता. "दोन महिने उन्हात राहिला की याचं सरबत होतं," ती म्हणे. आणि यंदाच घरातला वरचा माळा आवरताना तिला नवऱ्याचा जुना डबा सापडला. स्क्रू ड्रायव्हरनं झाकण उचकटलं तर वर जाड साय धरलेली. साय फोडली तर खाली रंग ओला, दाट, जिवंत. तिनं एका फळीवर बोटभर ओढून पाहिला आणि किती तरी वेळ बघत बसली. "बघ, याला म्हणतात लाल," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून तिचा चेहरा इतका उजळलेला धाकटीनं पाहिला नव्हता. मग बावीसच्या बावीस पक्ष्यांच्या छात्या त्याच डब्यातून रंगल्या.

पानांच्या माळेतली लाल फळं रंगवायची राहिली आणि डबा तळाला लागला. म्हणून बुधवारी दुपारी धाकटी झाकण पिशवीत घालून रंगवाल्याकडे गेली. असाच लाल मिळतो का, एवढंच विचारायचं होतं.

रंगवाला म्हातारा, जुना जाणकार. त्यानं झाकण उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला, खालचे पुसट आकडे वाचले.

"हा कुठून काढलात, काकू?"

"माळ्यावर होता. आमच्या भावजींचा."

"हं. त्यांचा असणारच." त्यानं झाकण कागदावर ठेवलं आणि स्वतःची बोटं फडक्याला पुसली. "लावला तर नाही ना कुठं?"

धाकटी त्या फडक्याकडे बघत म्हणाली, "नाही... म्हणजे, का हो?"

"यात शिसं असायचं. म्हणून तर रंग असा टिकायचा. बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली. मोठ्या माणसाचं एक वेळ ठीक, हात धुतले, झालं. पण लहान मूल असलेल्या घरात नको. मुलं काय, दिसेल ते तोंडात घालतात. शिसं पोटातून रक्तात उतरतं आणि रक्तातून इथं." त्यानं कानशिलावर बोट टेकवलं. "वाढत्या मेंदूला ते वाईट. असेल तेवढा बांधून टाकून द्या. घासू नका, आणि जाळू तर अजिबात नका. धूर त्याहून वाईट."

तो आणखी काहीतरी सांगत होता, पण धाकटीला ऐकू येत नव्हतं. तिला सोमवारची सकाळ दिसत होती.

कोपऱ्यावरच्या घरात एक शिंपीण राहायची. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती ओसरीतच मशीन मांडून शिवत बसायची आणि तिची चौदा महिन्यांची मुलगी, गोल गोल ठमी, पायाशी खेळायची. सोमवारी धाकटी तिथून जात होती तेव्हा ठमी मांडी ठोकून बसली होती आणि दोन्ही हातांनी पक्षी धरून त्याची चोच चघळत होती. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"काकू, तुमच्या पक्ष्यानं माझं काम हलकं केलं बघा," शिंपीण हसून म्हणाली होती. "दाढा येतायत हिच्या. नुसती किरकिर. हा हातात दिला की तासभर गप्प."

आणि धाकटी म्हणाली होती, "चावू दे गं. लाकूड चांगलं आहे."

चावू दे. स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती.

दुकानातून ती कशी निघाली, रस्ता कसा ओलांडला, काही आठवत नव्हतं. पाय आपोआप घराकडे वळत होते आणि डोक्यात हिशेब चालला होता. पक्षी लावले त्याला किती दिवस झाले? सोळा. सोळा दिवसांतले किती दिवस ठमीच्या तोंडात? एक पक्षी चाटून किती रंग पोटात जातो? हे कुणाला विचारायचं? विचारलं की सांगावं लागणार. गल्लीच्या तोंडाशी येईतो तिनं मनाशी एक ठरवलं, आणि ते तिच्या भित्र्या स्वभावाला धरूनच होतं. आधी पक्षी परत आणायचे. गुपचूप. सांगायचं काय ते नंतर बघू.

तिनं घरी न जाता शेजारणीकडूनच मोठी पिशवी मागून घेतली आणि एकेका ओसरीची पायरी चढली. "वार्निशचा हात राहिलाय," असं प्रत्येक दारात सांगत सुटली. "दोन दिवसांत आणून देते." पहिल्या घरी जीभ अडखळली, पाचव्या घरी ती सराईतासारखी बोलत होती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. कुणी म्हणालं, छान तर दिसतायत. कुणी म्हणालं, चहा घेऊन जा. एका म्हाताऱ्यानं स्वतः स्टुलावर चढून पक्षी सोडून दिले आणि वर म्हणाला, "तुमच्या कामात खोट निघायची नाही. किती काळजी घेता!" तिला पायाखालची जमीन आपल्याला गिळून टाकेल तर बरं, असं झालं.

शेवटी कोपऱ्यावरचं घर. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

मशीन चालू होतं. ठमी दिसत नव्हती. कठड्याला दोन पक्षी बांधलेले असायचे, तिथं एकच होता. धाकटीनं तो सोडवून हातात घेतला. चोचीचा रंग पार गेलेला. छातीवर दोन-दोन दातांच्या बारीक खुणा, आणि त्या खुणांच्या जागी लाल नव्हताच, उघडं लाकूड.

"वार्निश?" शिंपिणीनं मशीन थांबवलं. "अहो, आत्ता? ठमी रडून घर डोक्यावर घेईल."

"दोन दिवसच गं. दुसरा कुठाय?"

"आत असेल. झोपताना घेऊन जाते ती, दुसरं काही चालतच नाही. आत्ता कुठं डोळा लागलाय, उठवू नका. उद्या शोधून देते."

"आत्ताच दे ना."

"काकू, काय झालंय? चेहरा बघा तुमचा."

"काही नाही. ऊन लागलं."

"ऊन?" शिंपिणीनं बाहेरच्या ढगाळ, गारठलेल्या गल्लीकडे पाहिलं. "थंडीत ऊन लागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिनं. पण शिंपीण हसत होती, मशीनखाली निळं कापड अर्धं शिवलेलं होतं, आत पोर झोपलं होतं, सगळं कसं नेहमीसारखं होतं; आणि हे नेहमीसारखं आपल्या एका वाक्यानं मोडणार, हे तिला झेपेना. "उद्या नक्की दे," म्हणत ती पायऱ्या उतरली.

घरी थोरली खिडकीपाशी चौरंगावर फळं मांडून बसली होती. डब्याच्या तळाचा उरलासुरला रंग टर्पेंटाइननं पातळ करून तिनं काम पुढं नेलं होतं. पिशवीतून पक्षी बाहेर पडताना पाहून तिच्या भुवया चढल्या.

"हे काय? सगळे परत? कुणी नावं ठेवली?"

"नाही, ताई..."

"मग? सांग ना. माझ्या रंगाला कुणी नावं ठेवली ते कळू दे तरी." बोलता बोलता तिनं सवयीनं कुंचल्याचं टोक ओठांत धरलं आणि केसांना धार काढली. नवऱ्याकडून उचललेली सवय. ओठावर बारीक लाल रेघ उमटली.

"ताई, ते तोंडातून काढा!"

धाकटीनं कुंचला हिसकावूनच घेतला. आजवर तिनं थोरलीच्या हातातून कधी पाण्याचा तांब्याही असा ओढला नव्हता. थोरली बघतच राहिली. मग धाकटीनं जमिनीवर बसून सगळं सांगितलं: रंगवाला, शिसं, ठमी, वार्निश, सगळं.

थोरलीनं ऐकून घेतलं आणि फटकन म्हणाली, "त्याला नवे डबे खपवायचेत. रंगवाले सगळे एकाच माळेचे मणी. अगं, यांनी तीस वर्षं हाच रंग वापरला. तीस वर्षं! रोज हाच डबा, हाच कुंचला, आणि यांना कधी..."

ती थांबली.

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. धाकटीनं मान वर केली नाही. भावजींची शेवटची चार वर्षं दोघींनाही तोंडपाठ होती. पोटात अशा कळा यायच्या की माणूस दुमडून बसायचा. कधी नव्हे तो लहानसहान गोष्टींवर भांडी आपटायचा. आणि मग उजवं मनगट खाली पडलं. हात उचलला की पंजा लोंबायचा, वाळल्या पानासारखा. डॉक्टर म्हणाले होते, आयुष्य शिडीवर गेलं, नस दबली असेल. काही दिवस त्यानं रुमालानं कुंचला पंजाला बांधून पाट्या रंगवल्या. नंतर तेही सोडलं.

थोरलीनं स्वतःचा उजवा हात उचलला, पंजा वर-खाली करून पाहिला, आणि मांडीवर ठेवला. ते तसं होतं की नव्हतं, हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. तिनं पदरानं ओठ पुसला, परत पुसला, मग उठून मोरीत जाऊन चूळ भरून आली.

"ठमीकडे अजून एक आहे म्हणालीस?"

"हो. झोपलीय ती. उद्या देणारे."

"उद्या?"

"ताई, मी तिला वार्निशचं सांगून बसलेय. आता परत कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं," थोरली म्हणाली. "दुसरं कुठून आणणार? चल. मी येते."

गुडघ्यांमुळे थोरली महिना महिना फाटकाबाहेर पडत नसे. त्या संध्याकाळी ती धाकटीचा खांदा धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

ठमी उठली होती. ओसरीत सतरंजीवर बसली होती आणि दुसरा पक्षी अर्धा तोंडात होता. थोरली वाकली, पडता पडता वाकली, आणि तिनं तो पोरीच्या तोंडातून ओढून काढला. ठमीनं भोकाड पसरलं. शिंपीण आतून धावत आली. "अहो! हे काय चाललंय?"

"मी सांगते," थोरली म्हणाली.

पण सांगितलं धाकटीनंच. थोरलीचा हात तिच्या खांद्यावर होता म्हणून असेल, पण वाक्यं आली. रंग जुना होता. त्यात शिसं आहे. मला आज दुपारी कळलं. पोटात जाणं चांगलं नाही. डॉक्टरांकडे न्यायला हवं, आजच.

शिंपिणीनं आधी ठमीला उचललं. पदरानं तिचं तोंड पुसलं, बोटं पुसली, तळहात पुसले, पुन्हा तोंड. मग तिनं धाकटीकडे पाहिलं.

"दुपारी कळलं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही मघाशी आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

धाकटीनं मान हलवली.

"तुम्ही गेलात आणि ही उठली. रडायला लागली. मीच शोधून दिला तिला पक्षी. उशाखाली होता." शिंपिणीचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होतं. "अर्धा तास झाला, काकू. अर्धा तास ती ते चघळतेय. मी दिलं म्हणून."

धाकटीनं थोरलीच्या हातातला पक्षी एका पिशवीत टाकला.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. शिंपीण मशीनचा दिवा तसाच चालू ठेवून, पायात मिळेल ती चप्पल घालून निघाली. जावा मागून गेल्या. या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी पक्षी पिशवीतून बाहेरही काढू दिला नाही, बाहेरूनच पाहिला. किती दिवस, रोज किती वेळ, पोर खातंपितं का, उलट्या होतात का, असं सगळं विचारलं. ठमीच्या गुबगुबीत दंडातून रक्त काढताना दोघींना धरावं लागलं, तेव्हा शिंपिणीनं धाकटीला धरू दिलं नाही. थोरलीनं पाय धरले.

"रिपोर्ट शनिवारी. तोवर घर ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. हात सारखे धुवा तिचे." मग डॉक्टरीणबाईंचं लक्ष थोरलीच्या नखांकडे गेलं. "रंगवलं तुम्ही?"

"मीच."

"मग बाही वर करा."

बुधवार ते शनिवार. धाकटीला वाटे, दिवस कुणीतरी रंध्याखाली धरून मुद्दाम हळू तासतंय. घास गिळवत नव्हता. चाकू हातात घेतला तर अंगठा कापून घेतला. कोपऱ्यावरून ठमीच्या रडण्याचा आवाज आला की ती दारात जाऊन उभी राहायची: का रडतेय, पोटात दुखतंय का? आवाज बंद झाला की त्याहून वाईट. इतकी गप्प का? पोर गुंगीत तर नाही? एकदा तर ती उगाचच दळणाचा डबा घेऊन कोपऱ्यावरून गेली आणि रिकामाच परत घेऊन आली.

"तू काय मुद्दाम केलंस का?" नवरा म्हणाला.

"रंगाचं मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "वार्निशचं केलं."

त्यानं बावीस पक्षी, डबा, कुंचले, फळं, चौरंगावरचा कागदसुद्धा दोन-दोन पिशव्यांत बांधलं आणि विषारी कचरा घेणाऱ्या नगरपालिकेच्या डेपोवर सायकलनं नेऊन दिलं. धाकटी त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसली.

गुरुवारी ती कोपरा सोडून परत त्याच दारांत गेली आणि खरं सांगून आली. स्टुलावर चढलेल्या म्हाताऱ्यानं हसण्यावारी नेलं: "आमच्या वेळी पाळणेसुद्धा याच रंगाचे असत. बघा, मी आहे की ठणठणीत." एकीनं तोंडावर दार लावलं. एकीनं चारदा विचारलं की तिची मांजर खांबाला अंग घासते, त्याचं काय. धाकटीनं प्रत्येकीला तेच सांगितलं: हात धुवा, खांब ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. पाचव्या दारापर्यंत जीभ सराईत झाली नाही. शेवटच्या दारातही अडखळलीच.

शनिवारी थोरलीचा रिपोर्ट घ्यायला दोघी गेल्या तर बाकावर शिंपीण आधीच होती. ठमी तिच्या मांडीवर वहीचा पुठ्ठा उलटसुलट करत होती. तिचं नाव आधी पुकारलं. दार बंद झालं.

धाकटीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू नये म्हणून फरशा मोजल्या. आडव्या अकरा, उभ्या मोजता मोजता विसरली. आतून कुणी बोलल्याचा आवाज नाही. मग दार उघडलं आणि शिंपीण बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. ती दोघींच्या पुढून सरळ निघून गेली.

आत डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बसवलं. "तुमचं बरंच जास्त आहे, आजी. गोळ्या सुरू करायला हव्यात. पोटात दुखतं का?"

"थोडं," थोरली म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले दोन महिने. मला वाटलं, वयाचं."

धाकटीनं तिच्याकडे वळून पाहिलं. एका छपराखाली राहून तिला हे ठाऊक नव्हतं. "ताई, बोलला नाहीत?"

"तू तरी कुठं लगेच बोललीस?" थोरली पुटपुटली, आणि लगेच धाकटीच्या हातावर हात ठेवला.

"आणि ठमीचं, बाई?" धाकटीनं विचारलं. "त्या पोरीचं?"

"ते मी तिच्या आईलाच सांगणार. तुम्हाला नाही सांगता येत."

मग मात्र धाकटी थांबली नाही. थोरलीला तिथंच सोडून ती रस्त्यावर धावली. गुडघे, श्वास, चप्पल, कशाचंच भान नव्हतं. औषधाच्या दुकानापाशी तिनं शिंपिणीला गाठलं.

"सांग गं. शिव्या दे, पण सांग."

शिंपीण थांबली. ठमीनं धाकटीला ओळखून हात पुढे केला, तो तिनं हळूच खाली घेतला.

"जास्त आहे. अकरा. पाचच्या खाली हवं. गोळ्या लागण्याइतकं नाही म्हणाल्या. पोटात जायचं थांबलं की उतरेल. दूध, अंडी, पालेभाजी द्या म्हणाल्या. महिन्यानं परत बघायचं." मग ती म्हणाली, "तोवर तुम्ही आमच्याकडे येऊ नका. मला बघवत नाही."

"नाही येत," धाकटी म्हणाली.

तो महिना थोरलीच्या गोळ्यांवर आणि कोपऱ्यावर कान लावण्यात गेला. गोळ्यांना कुजक्या अंड्यांचा वास होता. "घेऊ नका म्हटलं असतं तर एक वेळ घेतल्या असत्या," थोरली म्हणे आणि नाक दाबून गिळे. तिच्या पोटातल्या कळा कमी होत गेल्या. गल्लीतल्या ओसऱ्या त्या थंडीत उघड्याच राहिल्या. नुसते खांब आणि खिळे. कुणी मुद्दाम बोललं नाही, पण रस्त्यानं जाताना धाकटीची मान वर होत नसे.

महिना उलटून चार दिवस झाले. दुपारची वेळ. धाकटी ओसरी पुसत होती. हल्ली ती रोज पुसायची. फाटकाची कडी वाजली. शिंपीण बाहेर उभी होती, आणि तिचं बोट धरून ठमी. उभी. स्वतःच्या पायांवर. महिन्याभरात पोर चालायला लागलं होतं आणि ते धाकटीला ठाऊकही नव्हतं.

"सातवर आलंय," शिंपीण फाटकाबाहेरूनच म्हणाली.

धाकटीच्या हातातलं फडकं ठिबकत होतं.

"उतरत जाईल म्हणाल्या. आता तीन महिन्यांनी." शिंपीण क्षणभर थांबली. "तुम्ही वाट बघत असाल म्हणून सांगायला आले. बाकी काही समजू नका. तो अर्धा तास मला अजून आठवतो."

"आठवणारच," थोरली आतून दारात येऊन उभी राहिली होती. "आम्हालाही आठवतो."

"बस ना जरा," धाकटी कसंबसं म्हणाली.

"नको. शिलाई पडलीय घरी." ती वळली. ठमी मात्र फाटकाच्या गजांतून आत बघत होती, एक गज घट्ट धरून. आईनं दोनदा हाक मारली तेव्हा तिनं तो सोडला, आणि डुलत डुलत, दर चार पावलांनी बसकण मारत, गल्लीतून निघाली. कोपरा येईपर्यंत धाकटी बघत राहिली. पोर पडलं, उठलं, पडलं, उठलं. सरळ चालत होतं. आईनं काहीतरी विचारलं तसं बोट दाखवून उत्तरही देत होतं.

धाकटी ओल्या पायरीवरच खाली बसली आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं. थोरलीनं तिला रडू दिलं. मध्ये पडली नाही, गप्प बस म्हणाली नाही, नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळानं हुंदके थांबले. धाकटीनं पदरानं नाक पुसलं आणि जरा चमकून थोरलीकडे पाहिलं.

"ताई, मला भूक लागलीय."

"मग? सकाळपासून झाकून ठेवलंय तुझं ताट. वाढू?"

"वाढा," धाकटी म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.